भिंत मागण्याआधी: किनाऱ्यावर राहणाऱ्या सर्वांना खुले पत्र

किनाऱ्यावरच्या माझ्या बंधुभगिनींनो, आणि त्यांनी निवडून दिलेल्या कारभाऱ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

उधाणाचे पाणी उंबऱ्याला लागले की पुढे काय होते ते आपल्याला पाठ आहे. रहिवासी कारभाऱ्यांकडे जातात, कारभारी सरकारकडे जातात आणि निवेदनात मागणी एकच असते: बंधारा बांधून द्या. रात्री घरात पाणी शिरलेल्या माणसाला भिंतच आठवणार, त्यात त्याची काही चूक नाही. पण ही मागणी करण्याच्या घाईत कितीतरी कामे राहून जातात, आणि नेमकी तीच आपल्या हातातली असतात. म्हणून हे पत्र रहिवासी आणि कारभारी अशा दोघांना एकत्रच लिहिते आहे. एकाला सोडून दुसऱ्याला ही कामे जमणार नाहीत.

आधी वाढ किती आहे ते पाहू. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. म्हणजे जेमतेम वीतभर. पण वेग बदलला आहे. त्यातल्या पहिल्या सत्तर वर्षांत पाणी वर्षाला १.३ मिलिमीटर चढत होते, २००६ ते २०१८ या वर्षांत ते ३.७ मिलिमीटरने चढले. समुद्र तापला की त्याचे पाणी फुगते, आणि जमिनीवरचे बर्फ वितळून त्यात येते, ही दोन मोठी कारणे. खोल समुद्रात शिरलेली उष्णता लवकर निघत नाही, त्यामुळे धुराडी उद्या थांबली तरी ही वाढ काही शतके चालूच राहील. किती, हे मात्र अजून ठरायचे आहे. हवा तापवणाऱ्या वायूंचे उत्सर्जन झपाट्याने घटले तर या शतकाअखेर २८ ते ५५ सेंटिमीटर, आणि ते खूप वाढत गेले तर ६३ सेंटिमीटर ते १ मीटर, असा हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाचा (आयपीसीसी) २०२१ सालचा अंदाज आहे. ग्रीनलंड-अंटार्क्टिकावरच्या हिमचादरी अचानक ढासळल्या तर यापेक्षा जास्त वाढही नाकारता येत नाही. म्हणून धूर कमी करण्याची मागणी किनाऱ्यावरच्या माणसाने कधीही सोडू नये. सुमारे चाळीस सेंटिमीटरचा हा फरक आपल्या नातवंडांच्या घरात येऊन बसणार आहे.

वीतभर पाण्याने एवढे काय बिघडते, असे पुष्कळ जण विचारतात. नुसत्या त्या विताने फारसे बिघडत नाही. पण प्रत्येक भरती, प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, वादळाने फुगून आलेले पाणी, सगळे आता त्या वितावर उभे राहते. पूर्वी बांधाच्या खाली राहणारी भरती बांध ओलांडते. जे पाणी शंभर वर्षांतून एकदा यायचे ते या शतकाअखेर जगातल्या निम्म्याहून अधिक भरतीमापन केंद्रांवर दरवर्षी येऊ लागेल, असा त्याच मंडळाचा अंदाज आहे. आपल्या वाडवडिलांनी समुद्र पाहिलेला होता आणि त्या अनुभवावर त्यांनी घरे कुठे बांधायची ते ठरवले. तो अनुभव खोटा नव्हता. पण ज्या समुद्राचा तो अनुभव होता, तो समुद्र आता त्या जागी नाही.

म्हणून पहिले काम नोंदीचे. खर्च एका वहीचा. पाणी आले की तारीख, वेळ, भरतीच्या वेळापत्रकातली त्या दिवसाची उंची, वारा होता का, पाऊस होता का, पाणी कुठवर चढले, किती तास राहिले, हे सगळे लिहून ठेवा. शाळेच्या, मंदिराच्या, मशिदीच्या, चर्चच्या भिंतीवर कायमच्या रंगाने रेषा मारा. आणि एक गोष्ट आवर्जून लिहा, जी सहसा कुणीच लिहीत नाही: पाणी आले कुठून?

पाणी तीन वाटांनी येते. एक, समोरून, बांधावरून. दुसरी वाट गटाराची. पावसाचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या नळाचे तोंड भरतीच्या पाण्याखाली गेले की समुद्र त्याच नळातून उलटा वर येतो आणि किनाऱ्यापासून दूरच्या चौकात, पाऊस नसतानाही, पाणी उभे राहते. तिसरी वाट जमिनीखालची. समुद्र चढला की त्याला टेकलेले भूजलही वर ढकलले जाते. सखल भागात ते शोषखड्ड्यात शिरते, तळघरात झिरपते, रस्त्याखालची माती पोकळ करते. फ्लोरिडातल्या मायामीचा पाया सच्छिद्र चुनखडीचा आहे, तिथे समुद्राकाठी कितीही उंच भिंत उभारली तरी पाणी तिच्याखालून येणारच.

या तीन वाटांपैकी पहिलीच भिंतीने अडते. दुसऱ्या वाटेला नळाच्या तोंडाशी एकाच बाजूने उघडणारी झडप लागते, आणि ती दर काही दिवसांनी साफ करणारा माणूस लागतो. प्लॅस्टिक अडकून अर्धवट उघडी राहिलेली झडप असून नसल्यासारखी. तिसऱ्या वाटेला पंप लागतात, नाही तर तिथून उठावे लागते. आपल्याकडे पाणी कोणत्या वाटेने येते हे न पाहता बंधारा मागणे म्हणजे दुखणे न सांगता औषध मागणे. भिंत उभी राहिल्यावर आतले पावसाचे पाणी बाहेर पडायला जागा उरली नाही आणि वस्ती उलट्या बाजूने बुडाली, असेही होते.

दुसरे काम जमिनीचे. समुद्र चढतो याची बातमी होते, जमीन खचते याची होत नाही. जकार्ताच्या उत्तरेकडचे काही भाग एके काळी वर्षाला १० सेंटिमीटरपेक्षा जास्त खचत होते. समुद्र वर्षाला चढतो तो मिलिमीटरने, हे आठवून पाहा. खोल विंधनविहिरींतून बेसुमार उपसा झाला, खालचे मातीचे थर दबले आणि वरचे शहर बसत गेले. तिथल्या समुद्रभिंती वाढवाव्या लागल्या, त्याही जमिनीबरोबर खचल्या. टोकियोच्या पूर्वेकडच्या सखल भागातही विसाव्या शतकात हेच झाले होते, काही ठिकाणी जमीन ४ मीटरपेक्षा जास्त खाली गेली. पण तिथे उपशावर कायद्याने बंधने आली, नळाने दुसरे पाणी दिले गेले आणि १९७० च्या दशकानंतर खचणे जवळपास थांबले. गेलेली उंची परत आली नाही, येतही नाही. पुढची मात्र वाचली.

विहिरींचाही हिशेब इथेच करायला हवा. गोडे पाणी हलके असल्यामुळे ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडे पाणी सापडते. उपसा करून वरचा एक मीटर घालवला की खालून खारे पाणी त्याच प्रमाणात वर सरकू लागते. विहीर मचूळ झाली की आपण समुद्राला दोष देतो, पण निम्मे काम आपल्याच पंपाने केलेले असते. पावसाचे पाणी जिरवणे, उपशाची मर्यादा ठरवणे, कुणाची विंधनविहीर किती खोल याची यादी ठेवणे, यासाठी कुठल्या मंत्र्याच्या भेटीची गरज नाही. गरज आहे ती आपसात वाईटपणा घ्यायच्या तयारीची. सगळ्यात जास्त पाणी उपसणारा बहुधा वस्तीतला वजनदार माणूस असतो, आणि त्याला थांबवण्यापेक्षा लाटेला थांबवण्याची मागणी करणे सोपे जाते.

आता भिंतीबद्दल. मी भिंतीच्या विरोधात नाही. जिथे दाट शहर आहे, बंदर आहे, हलवता न येणारे काही आहे, तिथे ती लागेलच. १९५३ च्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे गेली, त्यानंतर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांचे बांध, दरवाजे, अडसर उभे केले. पण ते बांध सांभाळणारी पाणीमंडळे त्या देशात मध्ययुगापासून आहेत, आणि आजही ती लोकांतून निवडली जातात व स्वतःचा कर वसूल करतात, हे आपण विसरतो. बांधाचा खर्च एकदाचा नसतो. बांधल्या दिवसापासून त्याची डागडुजी कोण करणार, पैसा कुठून येणार, हे आधी ठरले नसेल तर तो बांध मागे राहणाऱ्यांना खोटा धीर देतो. त्या धिराच्या भरवशावर लोक आणखी पुढे, आणखी खाली घरे बांधतात. मग बांध फुटतो तेव्हा नुकसान दुप्पट होते.

शिवाय लाट भिंतीवर आपटली की परत फिरताना पायथ्याची वाळू खरवडून नेते. भिंतीपुढची पुळण बऱ्याचदा काही वर्षांत नाहीशी होते, आणि भिंत जिथे संपते तिथून पुढच्या किनाऱ्याची धूप वाढते. तिथे शेजारचे गाव असते. मग ते गाव भिंत मागते. वाळू किनाऱ्याच्या कडेने वाहत असते, तिला गावाच्या शिवेशी काही देणेघेणे नसते. म्हणून बंधाऱ्याचा, धक्क्याचा, समुद्रात आडव्या टाकलेल्या दगडांचा ठराव एका गावाने एकट्याने करू नये. ज्यांच्यात एकच वाळू फिरते त्या सगळ्या वस्त्यांनी एका जागी बसून करावा.

वाळू टिकली तर पुळणच भिंतीचे काम करते. नेदरलँड्समधल्या हेगजवळ २०११ साली डच अभियंत्यांनी २ कोटी घनमीटरपेक्षा जास्त वाळू एकाच ठिकाणी टाकली आणि ती पसरवण्याचे काम वारा व लाटांवर सोपवले. समुद्रतळाची वाळू उपसणारी एवढी जहाजे सगळ्यांकडे नसतात. पण वाळू न काढणे सगळ्यांना जमते. नदीच्या मुखातून रेती उपसायची, वरच्या धरणांत गाळ अडकवायचा आणि मग खाली किनारा का खचतो म्हणून विचारायचे, हे थांबायला हवे. त्रिभुज प्रदेश गाळावरच जगतात. तो बंद झाला की ते आपल्याच वजनाने बसतात.

खारफुटीबद्दलही थोडे खरे बोलू. शंभर मीटर रुंद खारफुटीतून जाताना वाऱ्याने उठणाऱ्या लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी होते. वादळाने फुगून आलेल्या पाण्याला मात्र ती तितकी रोखत नाही, त्यासाठी पट्टा किलोमीटरच्या हिशेबात लागतो. तरीही ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात ज्या गावांपुढे खारफुटीचा रुंद पट्टा उरला होता तिथे मृत्यू कमी झाले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. म्हणून आहे ती तोडू नका, हे सगळ्यात आधी. नवी लावणे त्यानंतर, आणि तेही समजून. भरती-ओहोटीच्या चुकीच्या पातळीवर, चुकीच्या जातीची रोपे खोचून फोटो काढले जातात आणि वर्षभरात चिखल पुन्हा उघडा पडतो. इंडोनेशियातल्या जावा बेटावर डेमाक इथे लोकांनी वेगळा मार्ग धरला. फांद्या आणि काटक्यांचे सच्छिद्र कुंपण पाण्यात उभारले, त्यामागे गाळ साचू दिला, म्हणजे खारफुटी आपणहून रुजेल. काही ठिकाणी ती रुजलीही. पण तिथलीही जमीन खचते आहे, आणि त्या खचण्यापुढे हे प्रयत्न तोकडे पडले. पाण्याच्या उपशाचा मुद्दा मी आधी का मांडला ते यावरून कळेल.

आणखी एक. समुद्र चढेल तशी खारफुटी मागे सरकते. मागे रस्ता, कुंपण किंवा इमारत असेल तर ती दोघांच्या मधे चिरडून मरते. तिला सरकायला जागा आजच राखून ठेवावी लागेल. त्या जागेवर कुणाचे तरी प्लॉट पाडायचे मनसुबे असतील, आणि ठरावाच्या दिवशी तोच सगळ्यात मोठ्याने बोलेल.

वस्तीवरच्या माणसांना काय कळते, असे वाटणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी बांगलादेशचे उदाहरण देते. तिथे १९६० च्या दशकापासून नैऋत्येच्या त्रिभुज प्रदेशात मोठमोठे मातीचे बांध घालून जमिनी बंदिस्त केल्या गेल्या. सुरुवातीला पीक वाढले. पण आत येणारा गाळ बाहेर अडला, नद्यांची पात्रे भरून वर आली, आतली जमीन खाली राहिली आणि पावसाचे पाणी महिनोन्‌महिने शेतात तुंबू लागले. १९९७ साली बील भायना या पाणथळ भागात लोकांनी स्वतःच बांध फोडला. भरतीचे पाणी आत आले, गाळ टाकून गेले, जमीन उंचावली, नदी मोकळी झाली. जे तेव्हा बेकायदा होते त्यालाच पुढे भरतीच्या नद्यांचे व्यवस्थापन म्हणून सरकारी मान्यता मिळाली. ही पद्धतही सोपी नाही. ज्याची शेती काही वर्षे पाण्याखाली ठेवायची त्याला भरपाई मिळाली नाही तर ती मोडते, आणि अनेकदा मोडली आहे.

त्याच भूमीत, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, १९७० च्या चक्रीवादळात तीन लाखांहून अधिक माणसे गेली. २०२० च्या अम्फान चक्रीवादळाच्या वेळी तिथे वीस लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवण्यात आले आणि मृतांचा आकडा काही डझनांवर राहिला. मधल्या पन्नास वर्षांत निवारे बांधले गेले, आणि दारोदार जाऊन इशारा देणाऱ्या हजारो स्वयंसेवकांची फळी उभी राहिली. त्यात बायका मोठ्या संख्येने आहेत, आणि ते फार महत्त्वाचे आहे. परक्या पुरुषाच्या सांगण्यावरून मुलांना आणि गुरांना सोडून निघायला जी तयार होत नाही, ती ओळखीच्या बाईच्या सांगण्यावरून निघते.

कारभाऱ्यांनो, आता तुमच्यासाठी. तुमचा कार्यकाळ थोड्या वर्षांचा, समुद्राचा शतकाचा. त्यामुळे निर्णय पुढे ढकलणे तुम्हाला परवडते. यावर लंडनच्या टेम्स नदीच्या मुखासाठी केलेल्या पूरनियंत्रण योजनेने २०१२ साली एक चांगली वाट दाखवली. अमुक साली अमुक बांधू असे न म्हणता त्यांनी उंबरठे ठरवले: पाणी इतके चढले की हा पर्याय संपला, पुढचा सुरू, आणि पुढच्याला तयारीला इतकी वर्षे लागतात म्हणून निर्णय त्याआधी इतकी वर्षे घ्यायचा. दर काही वर्षांनी मोजायचे आणि तपासायचे. हे लहान गावालाही जमेल. वर्षातून किती वेळा रस्ता बुडाला की रस्ता उचलायचा, किती विहिरी मचूळ झाल्या की नळयोजना आणायची, किती घरांत सलग किती वर्षे पाणी आले की नव्या जागेचा शोध सुरू करायचा, हे आकडे शांत डोक्याने, कोरड्या दिवसांत ठरवून ठरावात लिहून ठेवा. पाणी आल्यावर ठरवायला बसलात तर ज्याचा आवाज मोठा त्याचे घर वाचेल.

आणि तोवर निदान सखल पट्ट्यात नवे काही उभारू नका. नवी शाळा, दवाखाना, वीज उपकेंद्र, पाण्याची टाकी उंचावरच न्या. जुने दुरुस्तीला आले की त्याच जागी पुन्हा बांधण्याआधी एकदा ती वही उघडून बघा.

शेवटचा विषय मलाही जड जातो. काही वस्त्यांना उठावे लागेल. फिजीमधल्या वुनिदोगोलोआ गावाने २००६ साली स्वतःहून सरकारकडे मदत मागितली, आणि २०१४ मध्ये गाव सुमारे दोन किलोमीटर आत, आपल्याच कुळाच्या जमिनीवर, सगळ्यांनी एकत्र हलले. विचारणीपासून स्थलांतरापर्यंत आठ वर्षे गेली, आणि तेही लोक राजी असताना, जमीन स्वतःची असताना. अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातल्या इल द जाँ शार्ल बेटाची १९५५ पासून जवळपास ९८ टक्के जमीन गेली. २०१६ साली निधी मंजूर झाला, नव्या वस्तीत लोक राहायला गेले ते २०२२ मध्ये. तोवर बेटावरची कितीतरी घरे पांगली होती. वेल्समधल्या फेअरबोर्न गावाला तर सांगण्यात आले की २०५४ नंतर तुमच्या बांधाची हमी नाही. कुठे जायचे, घराचे मोल कोण देणार, हे ठरण्याआधीच बातमी फुटली आणि घरांच्या किमती कोसळल्या.

तेव्हा उठण्याची गोष्ट काढायची असेल तर तिच्याबरोबर जागा, पैसा आणि वेळ यांची गोष्टही त्याच बैठकीत काढा. मच्छीमाराला डोंगरावर घर दिले आणि होडी लावायची जागा काढून घेतली, तर ते पुनर्वसन नव्हे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, जो भाड्याने राहतो, जी बाई ओहोटीच्या चिखलात शिंपल्या वेचून घर चालवते, त्यांची नावे यादीत पहिल्या दिवसापासून हवीत. पुरलेल्या माणसांचे काय करायचे हेही विचारा. ते विचारल्याशिवाय पुष्कळ म्हातारी माणसे जागची हलणार नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. रिकाम्या झालेल्या जागेवर नंतर कुणी हॉटेल बांधणार नाही, हे लेखी घ्या. समुद्राच्या भीतीने गरिबांना उठवून तिथे श्रीमंतांना बसवले, तर पुढच्या वेळी खऱ्या इशाऱ्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

जे उठणार नाहीत, उठू इच्छित नाहीत, त्यांच्यावर जबरदस्ती नको. त्यांना नकाशा दाखवा, वही दाखवा, उंबरठे समजावून सांगा. आणि कारभाऱ्यांनो, तो नकाशा दडवू नका. जमिनीचे भाव पडतील म्हणून बुडणाऱ्या भागाचे नकाशे कपाटात राहतात, आणि तोच प्लॉट कुणीतरी आयुष्यभराच्या बचतीतून विकत घेतो.

या महिन्याचे सगळ्यात मोठे उधाण कोणत्या दिवशी आहे ते भरतीच्या वेळापत्रकात बघा. त्या दिवशी भरतीच्या वेळेला दोघेही या, रहिवासी आणि कारभारी. वही, मोजपट्टी आणि रंगाचा डबा घेऊन या. गटाराच्या तोंडापासून सुरुवात करू.

आपली,
किनाऱ्यावरची एक रहिवासी